नातवाची मोटार

शेतावर फिरविण्यापुरती एक लहान मोटार नातू अंबडच्या शेडमध्ये स्वतः बांधीत होता. काम पेट्रोलच्या टाकीपाशी अडले. फायबरची टाकी हलकी व स्वस्त. परंतु आताच्या पेट्रोलमधील २० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल साध्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करू शकते. तेच इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून साधा लोखंडी पत्रा आतून गंजतो. ॲल्युमिनियमचे वेल्डिंगचे जोड हादऱ्यांनी तडकण्याची भीती. भंगारातील जुनी टाकी कापून वेल्ड करण्याचा त्याचा बेत मात्र मी ऐकताक्षणीच मोडला. टाकी रिकामी असली तरी आतील वाफेचा स्फोट होतो. कर्ज नाकारतानाही एवढा आवाज मी कधी चढविला नव्हता. दोन दिवस तो बोलला नाही. अखेर ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील ठरले. वाढीव खर्च माझ्या पेन्शनमधून. त्याच्या आजीला हे अद्याप ठाऊक नाही.