जागेवरची सायकल

आमच्या बिलोलीत सायकलीला इतिहास आहे, पण तो कुणालाच परत नको आहे. सासऱ्यांच्या पिढीत लग्नात नवरदेवाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल मिळायची. नवऱ्याच्या पिढीत त्या जागी मोटारसायकल आली. (हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. आमच्याकडं त्यातून वाट काढायला ‘मानपान’ हा शब्द आहे.) त्यामुळं सायकल म्हणजे जिच्यावरून आपण वर चढून आलो ती पायरी. आज चाळिशीचा माणूस सायकलवर दिसला, की पारावरचे लोक काळजीनं विचारतात, “गाडीला काय झालं?”

म्हणून मी नवऱ्याला पहिल्यांदा म्हणलं, “तुम्ही रोज सायकल चालवा,” तेव्हा त्यानं विचारलं, “का, दुकान बुडालं का आपलं?”

दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली, आणि मधले तेरा तास नवरा गल्ल्यामागच्या खुर्चीत. पोतं उचलायला हमाल, जेवणाचा डबा न्यायला पोरगा. घर चालत पाच मिनिटांवर, पण तेही गाडीवर.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी झाली. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती, एचबीएवनसी, ६.३ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ६.५ झालं की माणूस मधुमेहाच्या घरात. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही सीमेवर आहात.” नवरा हसला. “डॉक्टरसाहेब, आमचं गावच सीमेवर हाय. पलीकडं तेलंगणा. आम्हाला सवय हाय.”

डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही, कारण आमच्या ओसरीवर मामा बसलेले असतात.

मामा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते सायकलच्या कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे बांधून कुंडलवाडीच्या बाजाराला जायचे. ऊन, पाऊस, मांजरेकडून येणारा वारा, सगळं अंगावर घेऊन. मग दुकान झालं. घरात पहिली मोटारसायकल आली, ती माझ्याबरोबर. मामांची सायकल आधी गोठ्यात गेली, मग भंगारात. पुढं त्यांना साखर निघाली. एकदा चपलेत खडा होता, तो त्यांना दोन दिवस कळलाच नाही, कारण पायाची जाणीवच गेली होती. खड्याची जखम झाली, जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांचा पाय सायकल सोडल्यामुळं गेला, असं मी म्हणत नाही. शरीराचा हिशेब इतका सरळ नसतो. पण त्याच घरात, त्याच रक्ताचा माणूस तेरा तास खुर्चीत बसून सीमेवरचे विनोद करत होता.

ही सीमा फार गजबजलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळानं देशभर झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. पण उंबरठ्यावरून मागंही फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं अशाच लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. ज्यांनी आहार आणि हालचाल बदलली, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. यातलं कारण समजायला सोपं आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलतो, आणि त्यासाठी तो इन्सुलिनच्या परवानगीवर फारसा अडून राहत नाही. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे. सायकल नेमकी त्यांनाच कामाला लावते.

मग बाहेरच का नाही चालवायची? आमच्या रस्त्यावर पहाटे वाळूचे टिप्पर धावतात. मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर तापतं. आणि पारावरचे लोक आहेतच. त्यापेक्षा घरातली बरी. पडायची भीती नाही आणि कुणाला उत्तर द्यायला नको.

सायकल मी नांदेडहून जुनी घेतली, साडेचार हजाराला. आधीच्या मालकाकडं तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. महाराष्ट्रातल्या निम्म्या व्यायामाच्या सायकली हीच सेवा बजावतात, अशी माझी खात्री आहे. नायगाव, नरसी करत टेम्पोतून ती घरी आली. मामी म्हणाल्या, “ह्याला तर मागचं चाकच न्हाई.”

नवऱ्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली. “घाम गाळायचा, आन पोचायचं कुठंच न्हाई? ह्याला काय अर्थ हाय?”

प्रश्न खोटा नव्हता. आमच्याकडं घाम हा कामाचा असतो. रान नांगरलं, पोतं उचललं, बाजार गाठला, तर घामाचे पैसे होतात. नुसता घाम गाळणं ही पोट भरलेल्यांची करमणूक, असं आपल्या मनात खोल बसलेलं असतं. मी त्याला मोबाइलवर पुण्याच्या प्रीती मस्के यांची बातमी दाखवली. २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, दोन मुलांच्या या आईनं लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटर अंतर सायकलवर एकटीनं ५५ तासांत पार केलं. त्यानं बातमी पूर्ण वाचली. “भारी हाय,” म्हणाला. मग म्हणाला, “पुण्यात काय, सगळंच चालतं.”

दुसऱ्याच्या पराक्रमानं माणूस थक्क होतो, पण खुर्चीतून उठत नाही.

जागेवरच्या सायकलीचा पूर्वज म्हणता येईल असं एक यंत्र १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या माणसानं काढलं. त्याचं नाव जिम्नॅस्टिकॉन. पायांसाठी पायटे, हातांसाठी दांडे. त्याचा उद्देश सांगताना तेव्हा म्हटलं होतं, की शरीराच्या सांध्यांना आणि स्नायूंना व्यायाम द्यायचा, मग तो स्वेच्छेनं असो वा स्वेच्छेविना. हे वाचून मला हेवा वाटला. स्वेच्छेविना! लग्नाच्या जोडीदाराला यापेक्षा दुसरं काय हवं असतं? तो बसेल, मी फिरवीन, साखर त्याची उतरेल. पण आमच्या साडेचार हजाराच्या सायकलीत ती सोय नव्हती. एकाच्या वाटचा घाम दुसऱ्याला गाळता येत नाही. दुसरा फक्त वाट मोकळी करू शकतो.

म्हणून मी सायकल माडीवरून खाली आणली, मधल्या खोलीत टीव्हीसमोर. रस्त्यावरून दिसणार नाही, पण घरात कुणालाही ओलांडून जावं लागेल, अशी. बाजूला टेबल फॅन ठेवला, कारण जागेवरच्या सायकलीला वारा लागत नाही. रस्त्यावर वेगामुळं येणारा वारा अंग गार ठेवतो. घरात तो नसतो आणि दहा मिनिटांत माणूस वाफाळतो. पुष्कळ जण याच उकाड्यानं सोडून देतात. आणि रात्रीचं जेवण अर्धा तास पुढं ढकललं. दुकानातून आलं की लगेच ताट मिळणार नाही. मधे अर्धा तास रिकामा.

त्या रिकाम्या अर्ध्या तासात आयपीएल होतं.

पहिल्या दिवशी तो सीटवर नुसताच बसला, खुर्ची म्हणून. तिसऱ्या दिवशी पाय हलायला लागले. आठवड्यानं त्यानं स्वतःचा नियम काढला. एक ओव्हर लोड वाढवून जोरात, पुढची ओव्हर लोड कमी करून सावकाश. विकेट पडली तर थांबून पाणी. एका ओव्हरला साधारण चार मिनिटं लागतात. जोरात आणि सावकाश असं आलटून पालटून करण्याला व्यायामशास्त्रात ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात आणि ते शिकवायला शहरात लोक पैसे घेतात, हे मी त्याला सांगितलं. तेव्हापासून तो दुकानात स्वतःला कोच म्हणवून घेतो.

त्याचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा आम्ही सीट वर केली. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात थोडासाच वाक राहायला हवा. सीट खाली राहिली की गुडघ्यावर भार येतो. किती जोर लावायचा, याची खूणही सोपी आहे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोराचा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम हालचालीची १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. दुसऱ्या गोष्टीसाठी आमच्याकडं जोर-बैठका आहेत. मामांनीच शिकवल्या, खुर्चीत बसून. (ज्यांना साखरेची औषधं चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. काही औषधांवर व्यायाम केला की साखर एकदम खाली येऊ शकते. आणि पायात बूट हवेतच.)

मिनिटं लिहायला वेगळी वही केली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात, जिथं दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकटीत. ‘१ लि. / २५ मि.’

आता माझं. मला सायकल नवीन नव्हती. आठवीपासून बारावीपर्यंत मी सायकलवर शाळेला जायची. उतारावर हात सोडायची. बारावी झाली, सायकल धाकट्या भावाकडं गेली, आणि पुढं अठरा वर्षं मी कशाचंही पायडल मारलं नाही. यात तक्रार करण्यासारखं कुणी काही केलं नाही. गावातल्या सगळ्याच मुलींचं असंच होतं. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी रस्त्यानं त्यांची रांग दिसते. सायकल चालवणारी लग्न झालेली बाई मात्र क्वचितच दिसते.

२०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. मी हे वाचून दाखवलं, तर मामी म्हणाल्या, “बायका दिवसभर राबतात ते काय मग?” राबतातच. पण बरंचसं ओट्यासमोर उभं राहून किंवा खाली बसून. कंबर दुखते आणि दम मात्र वाढत नाही.

मी सकाळी साडेपाचची वेळ धरली. अडचण एकच, नळ. पाणी येतं ते त्याच वेळेला. हंडे, टाकी, मोटार लावणं, सगळं तासाभरात उरकायचं. पहिले काही दिवस दहा मिनिटं झाली की मला उतरावं लागायचं. तेवढंही वाया जात नाही, हे मला माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ‘एका वेळी निदान दहा मिनिटं’ ही जुनी अट काढून टाकली. जेवढी हालचाल होईल तेवढी जमेस.

मग मृग लागला. सोयाबीनची पेरणी सुरू झाली, दुकानासमोर रांगा. नवरा रात्री अकराला यायचा आणि जेवून आडवा व्हायचा. कालनिर्णयाच्या चौकटीत तीन आठवडे नुसतं ‘१ लि.’ राहिलं. मी काही बोलले नाही. हंगामात दुकानदाराला व्यायामावर बोलणं म्हणजे पेरणीत पाहुणचार मागणं. माझी सकाळची मिनिटं मात्र मी लिहीत राहिले, वेगळ्या रंगानं. चौथ्या आठवड्यात एका रात्री सव्वाअकराला मधल्या खोलीतून घर्र आवाज आला. आठ मिनिटं. त्यानं स्वतःच लिहिली.

सीटच्या दांड्यावर आता दोन खुणा आहेत. खालची माझी, नेलपॉलिशची. वरची त्याची, दुकानातल्या मार्करची.

माझा मावसभाऊ पुण्यात झ्विफ्ट वापरतो. सायकल खऱ्या ट्रेनरवर लावायची, समोरच्या पडद्यावर डोंगर, समुद्र, बेटं, आणि चढ आला की पायडल आपोआप जड. त्याच्या ट्रेनरच्या किमतीत आमच्याकडं जुनी मोटारसायकल येईल. पण आमच्याकडं मामा आहेत. मॅच नसली की ते कुबड्या घेऊन मधल्या खोलीत येऊन बसतात आणि डोळे मिटून कुंडलवाडीचा जुना रस्ता सांगतात. “हां, आता उतार हाय, सोड पाय. वढा आला. आता चढ. दम धर, दम धर, उठू नको सीटवरून.” नवरा खटका फिरवून लोड वाढवतो. कुठंच न पोचणारी ती सायकल अशी रोज थोडी थोडी बाजाराच्या वाटेला लागते.

यंदा तपासणीत आकडा ५.९ आला. उंबरठ्याच्या आत नाही, बाहेरही नाही, पण मागं सरकलाय. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. नवऱ्यानं या वेळी सीमेचा विनोद केला नाही.

काल रात्री मी घागरी विसळून ओळीनं लावत होते. तो जेवण करून कालनिर्णयात काहीतरी बघत होता. म्हणाला, “उद्या नळ हाय ना? तू चढ सायकलीवर. पाणी मी भरतो.”