काडतुसातली रिकामी जागा

1873 साली अमेरिकी लष्कराने .45-70 हे काडतूस स्वीकारलं. नावातच त्याचा हिशेब होता: इंचाच्या पंचेचाळीस शतांश व्यासाची गोळी आणि 70 ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू. पायदळाच्या लांब रायफलीसाठी हा भार ठीक होता. पण घोडदळाच्या आखूड, हलक्या कार्बाइनमधून तोच बार काढला की स्वाराच्या खांद्याला सणसणीत धक्का बसे. म्हणून कार्बाइनसाठी दारू 55 ग्रेनवर आणली गेली. तांब्याची पुंगळी मात्र तीच राहिली, आणि आत जागा उरली. ती पुठ्ठ्याने भरून काढली जाई. 1876 च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टरचं घोडदळ लढलं, तेव्हा त्याच्या कार्बाइनसाठी हीच 55 ग्रेनची काडतुसं होती.

उरलेली जागा भरायचीच कशाला? काळ्या दारूच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. ही दारू गोळीच्या बुडाला घट्ट टेकलेली लागते. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा, क्वचित फुटण्याचाही धोका असतो. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूवर पक्की बसवायची असते, ती याच कारणाने.

1884 मध्ये पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये धूररहित दारू तयार केली, आणि हा हिशेब पार बदलला. नवी दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. तेवढंच काम निम्म्याहून कमी दारूत होऊ लागलं. पण जुन्या रायफली आणि त्यांच्या ऐसपैस पुंगळ्या होत्या तशाच राहिल्या. धूररहित दारू थोडीफार पोकळी खपवून घेते, हे खरं. ती मुकाट्याने खपवून घेत नाही, हे घरी काडतुसं भरणाऱ्यांना हळूहळू कळत गेलं.

शिशाची ओतीव गोळी वापरणाऱ्यांना हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. शिसं मऊ, 327 अंश सेल्सियसला वितळणारं. कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करता येतं, पण तांब्याच्या आवरणातल्या गोळीची सर त्याला येत नाही. 1906 च्या .30-06 काडतुसात आवरणाची गोळी सेकंदाला 820 मीटरच्या आसपास वेगाने सुटे. ओतीव गोळी त्या वेगाने हाकली तर ती रायफलिंगच्या खोबणींत नीट पकड घेत नाही, बाजूने निसटणारा तप्त वायू तिच्या कडा खातो आणि नळीत शिशाचा थर साचतो. म्हणून ओतीव गोळीचे नेमबाज बऱ्याच कमी वेगावर समाधान मानतात. वेग कमी म्हणजे दारू कमी, आणि दारू कमी म्हणजे पुंगळीत पुन्हा मोकळी जागा.

ही सुटी दारू पुंगळीत इकडून तिकडे सरकते. नळी खाली झुकवून मग रायफल सरळ धरली तर दारू गोळीकडे गेलेली असते. पुंगळीच्या बुडातल्या प्राइमरची ज्योत तिच्यावरून निघून जाते, पेट उशिरा घेतला जातो आणि वेग घटतो. नळी आधी वर करून मग खाली आणली तर दारू प्राइमरला टेकलेली असते आणि बार जोरात निघतो. काडतूस तेच, भार तोच, पण वेगमापकावरचे आकडे वेगळे. लांबच्या निशाणावर हा फरक गोळी वर किंवा खाली लागल्याने लगेच दिसतो. म्हणूनच काही जण प्रत्येक बाराआधी नळी आकाशाकडे करून घेतात. टेबलावर रायफल टेकवून शांतपणे नेम धरताना हे जमतं, जंगलात सावजासमोर कसं जमणार?

इथे भराव येतो. इंग्रजीत त्याला फिलर म्हणतात आणि त्याच्यामागे ‘निष्क्रिय’ हे विशेषण लावतात. जळण्यापुरतं ते बरोबर असेलही, पण दाबाच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुंगळीत घातलेली प्रत्येक वस्तू वायूला ढकलावी लागते. शिवाय वायूला पसरायला मिळणारी जागाही तिच्यामुळे कमी होते.

भरावाचे दोन मुख्य प्रकार. पहिला हलक्या तंतूंचा: उशीत भरतात तो डेक्रॉन, किंवा कपोक. कपोक म्हणजे आपल्याकडची पांढरी सावर. तिचे तंतू आतून पोकळ आणि मेणचट असतात, म्हणूनच ते एके काळी पाण्यावर तरंगणाऱ्या जीवरक्षक जाकिटांत भरले जात. अशा तंतूंचा एक-दोन ग्रेनचा पिंजलेला झुबका दारूला प्राइमरपाशी धरून ठेवतो. दुसरा प्रकार दाणेदार: मक्याचं पीठ, प्लास्टिकचा बारीक भुगा किंवा क्रीम ऑफ व्हीट. 1893 मध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स इथे सुरू झालेला हा न्याहारीचा पदार्थ म्हणजे आपला गव्हाचा रवाच. त्याचा थर गोळीच्या बुडाला तप्त वायूपासून वाचवतो, हा त्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा.

रव्याची अडचण पुंगळीच्या आकारात आहे. सरळ पुंगळीत तो गोळीमागून निघून जातो. बाटलीसारखी मान असलेल्या पुंगळीत मात्र त्याला रुंद भागातून अरुंद मानेत शिरावं लागतं. तिथे तो चेपला जाऊन बुचासारखा अडू शकतो आणि मागचा दाब चढतो. दाणेदार भरावाचं वजन गोळीच्या वजनात धरून दारू त्यानुसार कमी करायची असते, ही बाब अनुभवी लोक पुन्हा पुन्हा सांगतात, ती उगाच नाही.

याहून दगलबाज प्रकार म्हणजे दारूवर घट्ट दाबून बसवलेली चकती किंवा बोळा, आणि त्याच्यापुढे गोळीपर्यंत पोकळी. बार झाला की चकती त्या पोकळीतून वेगाने धावत जाऊन गोळीच्या बुडावर आदळते. त्या एका ठिकाणी क्षणभर दाब इतका वाढतो की चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, पोलादात गोल वळ उठतो. अमेरिकी नेमबाज चार्ली डेल यांनी मुद्दाम असे वळ पाडून हा प्रश्न तपासला आणि वेन श्वार्ट्झ यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘द मॉडर्न शूट्झेन रायफल’ या पुस्तकात त्यावर विस्ताराने लिहिलं. वळ गोळीच्या बुडापाशीच उठतो, ही त्यातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट. तो एका बारात दिसेलच असं नाही. पुंगळी बाहेर काढताना अडकू लागली की संशय येतो, आणि तोवर शंभर वर्षं सांभाळलेली नळी बिघडलेली असते. झालेलं नुकसान सहज दुरुस्त होत नाही, अनेकदा नळीच बदलावी लागते.

भारताचा या इतिहासाशी संबंध शिकारी रायफलींमधून येतो. 1898 मध्ये बंदूकनिर्माते जॉन रिग्बी यांनी .450 नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस काढलं. त्याच लांबीच्या जुन्या पुंगळीत 120 ग्रेन काळी दारू मावे. आता तिथे 70 ग्रेन कॉर्डाइट ही धूररहित दारू आली आणि रिकामी जागा चकत्यांनी सांभाळली. शिकारी काडतुसांतल्या .450 गोळ्या बंडखोर मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीत वापरतील या धास्तीने ब्रिटिशांनी 1907 मध्ये हा व्यास भारतात बंद केला. त्यामुळे .470, .465 अशा नव्या मापांना मागणी आली. कारखान्यांनी ही जुनी काडतुसं बनवणं थांबवल्यावर रायफलींच्या मालकांना घरी काडतुसं भरण्यावाचून इलाज उरला नाही. ग्रेम राइट यांच्या ‘शूटिंग द ब्रिटिश डबल रायफल’ या पुस्तकात नव्या दारूबरोबर फोम आणि कपोक वापरण्याचा सविस्तर विचार आहे.

भराव ही पहिली निवड असू नये. पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी फुगीव दारू मिळत असेल तर ती घ्यावी. कमी भारातही सहज पेटणारी दारू मिळाली तर झुबक्याची गरजच राहत नाही. यातलं काहीच जमत नसेल, तर दारूपासून गोळीच्या बुडापर्यंत सैल पसरलेले, मध्ये पोकळी न ठेवणारे हलके तंतू हा त्यातल्या त्यात समजूतदार पर्याय. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत रवा घालण्याचा मोह टाळावा.

भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा छंद इथे घरी करण्याचा नाही. तो जिथे कायदेशीर आहे तिथल्या मराठी नेमबाजांना मात्र एक कळकळीची विनंती: भार-पुस्तकात भरावासह दिलेला आकडा भरावाशिवाय वापरू नका, आणि भरावाशिवाय दिलेल्या आकड्यात आपल्या मनाने झुबका घालू नका. दाबाच्या दृष्टीने ती दोन वेगळी काडतुसं आहेत.