माप

आमच्या अब्बांच्या उजव्या हाताची तर्जनी कायम काळी असायची. रॉकेलने घासली तरी नखाच्या कडेची रेघ जात नसे. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपा तेव्हा नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, बऱ्याच दिसत. त्यांच्या गिअरबॉक्सच्या बाजूला एक बूच असे. अब्बा गाडी सपाट जागी उभी करीत, खाली सरपटत जात आणि बूच काढून भोकात बोट घालीत. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असलं की म्हणत, "बराबर है." आम्हा दोघा भावांचं शिक्षण त्या बोटापासून सुरू झालं.

मग ऑटोमॅटिक गाड्या आल्या. पूर्वीच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना निदान डिपस्टिक असे. नव्या अनेक गाड्यांतून तीही गेली. हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं काही कंपन्या सांगू लागल्या. आयुष्य गाडीचं की वॉरंटीचं, ते मात्र गिऱ्हाइकानेच समजून घ्यायचं.

इथं बोट चालत नाही. हे तेल तापलं की फुगतं, म्हणून पातळी ठरलेल्या तापमानालाच बघायची. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात. गाडी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी फिरवून पुन्हा पार्किंगला आणायचा. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं आणि मग खालचं तपासणीचं बूच काढायचं. धार लागली तर तेल जास्त, थेंबही आला नाही तर कमी. धार तुटून थेंब पडू लागले की बूच लावायचं.

हे आम्ही एका चुकीतून शिकलो. मे महिन्याची भर दुपार होती. नेवाशाकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले. एवढा रस्ता पळून आलेल्या गाडीचं तेल चांगलंच तापलेलं. स्कॅनर तेव्हा आमच्याकडे नव्हता. बूच काढताच लाल तेलाची धार लागली. "जास्त होतं, काढलं," असं सांगून आम्ही पैसेही घेतले.

आठ दिवसांनी गुरुजी परत आले. सकाळी गिअर उशिरा धरतो, इमामपूर घाटात नुसतं इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय झालं ते कळलं होतं. 'गाडी जुनी झाली, गुरुजी,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माप बघायला पट्टीच नाही, तिथे गिऱ्हाइकाजवळ मिस्त्रीच्या शब्दाखेरीज काय असतं?

अब्बा ओट्यावर बसून ऐकत होते. हळूच म्हणाले, "बेटा, मापात मारनेवालों के नाम की एक पूरी सूरह है, मुतफ्फिफीन. तेल का माप भी मापच है. और गलती तुम्हारी, नाम पूरे मोहल्ले का जाता."

आम्ही गुरुजींना सगळं सांगितलं. पैसे परत केले, गाडी ठेवून घेतली, एका दोस्ताचा स्कॅनर मागून आणला. मे महिन्यात नगरची दुपार चाळिशी गाठते. उभ्या गाडीतलं तेलच तेवढं तापलेलं असतं. इंजिन सुरू केलं की थोड्याच वेळात मापाची घडी निघून जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून, गार वाऱ्यात, त्याच जातीचं तेल भरत माप जुळवलं. लिटरभर तेल गेलं. गाडी ओढू लागली.

गुरुजींनी किल्ली घेतली, मान हलवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. आम्हाला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

त्या वर्षी आम्ही उधारी करून स्कॅनर घेतला. खुणा केलेलं भांडंही घेतलं. गाडीतून किती तेल निघालं, किती घातलं, तेव्हा तापमान किती होतं, हे वहीत लिहितो आणि गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो. काही जण म्हणतात, "आम्हाला यातलं काय कळतंय?" तरी दाखवतो.

अब्बा आता नाहीत. पण बूच काढताना आजही आमचं बोट आधी भोकाकडे जातं. मग आम्ही ते मागे घेतो आणि स्कॅनरकडे बघतो.