इंजिन उतरवणे

मोटारीचे इंजिन प्रत्यक्षात वर उचलून काढतात. पण आमच्या वसमतच्या गॅरेजांतून त्याला म्हणतात 'इंजिन उतरवणे'. भाषेचा मास्तर असल्यामुळे असल्या विसंगतींनी माझी करमणूक होत असे. आता होत नाही. उचलणे हा त्या कामातला लहान भाग असतो, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळले.

गाडी १९८४ सालची अँबॅसडर. सासऱ्यांची हळदीची आडत होती, त्या भरभराटीच्या दिवसांत त्यांनी ती घेतली आणि त्यांच्या पश्चात ती आमच्या अंगणात आली. बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला; तेव्हापासून अशी गाडी म्हणजे घरातल्या तांब्याच्या हंड्यासारखी. वापरायची अडचण आणि मोडीत घालायला जीव होत नाही. आमची गाडी पाण्यासारखे तेल पीत होती, मागे निळा धूर सोडत होती, क्लच घसरत होता आणि तिसरा गिअर चालता चालता आपोआप सुटत होता. माझ्या कादंबऱ्यांचे मानधन एका टायरला पुरले तरी पुष्कळ, हे बायकोला माहीत आहे. तरीही ती एवढेच म्हणाली, "बाबांची गाडी आहे." त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

नांदेड रस्त्यावरचा मिस्त्री हा माझा जुना विद्यार्थी. दहावीच्या वर्षी शाळा सोडून गेलेला. त्याने गाडीखाली शिरून पाहिले, डाव्या हाताला गुंडाळलेल्या चिंधीने कपाळ पुसले आणि म्हणाला, "गुरुजी, इंजिन अन् गिअरबॉक्स संगच उतरवावं लागंल."

पहिला दिवस नुसता सोडवासोडवीत गेला. आधी बॅटरीची तार काढली. राहिली तर पाना कुठेतरी टेकून ठिणगी पडते आणि शेजारीच पेट्रोलची नळी. त्या नळीच्या तोंडात त्याने बूच मारले. रेडिएटरचे पाणी, इंजिनचे तेल, गिअरबॉक्सचे तेल सगळे वेगवेगळ्या डब्यांत काढले. गिअरबॉक्सचे का, असे मी विचारले, तर म्हणाला, बाहेर काढताना तिरका होतो, शेपटाकडून सगळे अंगावर येते. बॉनेट काढण्यापूर्वी बिजागऱ्यांभोवती खिळ्याने रेघ ओढून ठेवली, म्हणजे परत बसवताना जागा चुकायची नाही. मग रेडिएटर, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप, सेल्फच्या तारा, गिअरच्या दांड्या. गाडी घोड्यांवर चढवून खालून प्रॉपेलर शाफ्ट सोडला. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट निरनिराळ्या पत्र्याच्या डब्यांत. डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या, तेव्हा त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लिव्हा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी 'फाउंडेशन, उजवे', 'फाउंडेशन, डावे' अशी लेबले लिहीत बसलो. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकींवर टेकते त्या. माझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या मजकुराचा वाचक अधिक काळजीपूर्वक वाचणारा होता.

उचलण्यासाठी चेनकुप्पी लागते. त्याची बिघडलेली, भाड्याची नांदेडहून दोन दिवसांनी येणार. मला घाई झाली होती. गॅरेजच्या कडेला चांगले जुने लिंबाचे झाड होते, त्याची एक फांदी माणसाच्या मांडीएवढी. लहानपणी मी अशा फांदीला दोर टाकून इंजिने काढताना पाहिली होती. मी सुचवले, "त्या फांदीला बांधून घे की. मजबूत आहे."

तो काही बोलला नाही. डाव्या हाताची चिंधी सोडून त्याने हात माझ्यापुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मुळापासून नव्हते.

"फांदी मोडत न्हाई, गुरुजी. वाकती. वजन सुटलं की उसळी मारती. दोर सालीवरनं घसरतो, न्हाईतर इंजिनाच्या धारंवर कापतो." एका गॅरेजात, सुटीत, पोरगा म्हणून कामाला होता. लोंबकळते इंजिन फिरू नये म्हणून खालून धरायला सांगितले होते.

"कधी रे?"

"नववीची परीक्षा झाल्यावर."

मग मला तो जून आठवला. प्रार्थनेच्या वेळी एक पोरगा डावा हात खिशात घालून उभा होता. मी म्हणालो, हात बाहेर काढ. तीनदा म्हणालो. त्याने काढला नाही, खालीही पाहिले नाही. मी त्याला फाटकाबाहेर काढले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत आजकालच्या मुलांच्या उद्धटपणाचा दाखला म्हणून किती वेळा सांगितली असेल, त्याची गणतीच नको.

मी त्याला काही बोललो नाही. दोन दिवस थांबू, एवढेच म्हणालो.

मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या विज्ञानात कप्पीचा एक धडा होता आणि विज्ञानाचे मास्तर रजेवर असताना तो मी शिकवलाही आहे. आर्किमिडीजने कप्प्या लावून भरलेले जहाज एकट्याने ओढले, ही प्लूटार्कने सांगितलेली गोष्ट मुलांना फार आवडते. पण कमी जोरात जास्त वजन उचलता येते, इथे धडा संपतो. हात सोडला तर काय होते, ते तो सांगत नाही. चेनकुप्पीचे खरे मोल तिथेच आहे. हातभर साखळी ओढली तर इंजिन बोटाच्या पेराएवढेही वर येत नाही. आणि साखळी सोडून दिली, तर ते आहे तिथेच राहते. तिच्या पोटात ब्रेक असतो, आणि तो लटकलेल्या वजनानेच दाबून घट्ट बसतो. वजन जितके जड, तितकी पकड घट्ट. कोणी योजले असेल हे, त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

लोखंडी कमानीला चेनकुप्पी लावली. गाडी घोड्यांवरून खाली घेऊन चाकांना दगड दिले. गिअरबॉक्सखाली जॅक ठेवल्यावरच मागचा आडवा पट्टा सोडला. साखळी इंजिनला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी बांधली, मागची थोडी लांब, म्हणजे नाक वर आणि गिअरबॉक्सचे शेपूट खाली राहील. चार बोटे उचलून तो थांबला आणि भोवती फिरून पाहू लागला. इंजिन एका बाजूला ओढल्यासारखे दिसत होते. मला कारण दिसले. बॉडीला जोडलेली अर्थची जाड तार तशीच राहिली होती. मी वाकून इंजिनखाली हात घातला.

"हात! हात बाहेर काढा!"

गॅरेजातली पोरे जागच्या जागी थबकली. मी हात काढला. त्याने इंजिन पुन्हा बैठकींवर टेकवले, मग तार सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून साखळी ओढायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "राग मानू नका, गुरुजी."

"त्या जूनमध्ये मी तुला..." मी सुरुवात केली.

"शेपूट धरा बाजूनं. खाली जाऊ नका."

मी बाजूने धरले. इंजिन तिरके होत होत वर आले, गिअरबॉक्स आतून सरपटत मागोमाग आला. ते बॉनेटच्या जागेवरून सुटताच पोरांनी दगड काढून गाडीच मागे ढकलली. लोंबते वजन इकडेतिकडे न्यायचे नाही, त्याच्याखालून गाडी काढून घ्यायची. मग लगेच साखळी उलटी ओढून त्याने ते जुन्या टायरांवर अलगद टेकवले. साखळी सैल पडली तेव्हा पहिल्यांदाच त्याने इंजिनखाली हात घालून पाहिले.

नांदेडला सिलिंडर घासून घेऊन, नवे रिंग-पिस्टन घालून इंजिन परत बसायला अठरा दिवस लागले. शेवटी सगळे डबे रिकामे झाले, एक सोडून. त्यात एक बोल्ट आणि त्यावर माझी चिठ्ठी, 'फाउंडेशन, उजवे'. त्याने काही न बोलता डबा उचलला आणि गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे पाय तेवढे दिसत होते. आतून आवाज आला, "गुरुजी, डावं म्हणा. हे डाव्याचं हाय."