घोण घरात ठेवायची तर

जपानमध्ये उन्हाळा लागला की सुपरमार्केटात किडे विकायला येतात. शिंगवाला काबुतोमुशी भुंगा हिरव्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात ऐटीत बसलेला असतो. बाजूला त्याच्या खाऊच्या जेलीच्या डब्या, लाकडाचे तुकडे, मातीच्या पिशव्या. आईबाप लेकरांना तो हौसेनं घेऊन देतात आणि लेकरं सुटीत त्याची निरीक्षणवही लिहितात. इथं टोकियोत जन्मलेल्या माझ्या पोरानं आठवीत गेल्यावर 'मला मुकादे पाळायची आहे' असं जाहीर केलं, तेव्हा इथल्या कुणालाच नवल वाटलं नाही. त्याच्या विज्ञानाच्या सरांनी 'कोणत्या जातीची?' एवढंच विचारलं.

मुकादे म्हणजे घोण. आमच्या दारव्हा तालुक्यात तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच धोरण आहे: दिसली की चप्पल.

मी बोरी अरबची. अडाण नदीकाठचं गाव, चहूकडं काळी माती. मे महिन्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घोणी त्या भेगांत ओल शोधत खोल उतरतात. मृगाचा पाऊस पडून भेगा बुजल्या की त्या वर येतात, आणि आल्या की सरळ घरात. तुराट्यांच्या कुडात, कवेलूंच्या खाली, न्हाणीच्या दगडाआड, पऱ्हाट्यांच्या ढिगात. कानात शिरते म्हणून पावसाळ्यात आई आमच्या कानात कापूस घालून निजवायची. आता घर सिमेंटचं झालं, कवेलू गेले, पण न्हाणीच्या मोरीवर रात्री दगड ठेवायची तिची सवय काही गेली नाही.

नातवाचा बेत तिला फोनवर सांगितला तर आधी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काऊन वं, मांजर नाई भेटलं काय तिथं?" मांजर पाळायला घरमालकाची परवानगी नाही, असं मी सांगितलं. "अन् घोनीले हाय?"

प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो त्या निशी-कासाई भागातल्या भाड्याच्या घरांच्या करारात 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' हे कलम बहुधा असतंच. डब्यात राहणाऱ्या छोट्या जिवांचं काय, ते करारात लिहिलेलं नसतं. लिहिलेलं नाही म्हणून गप्प बसणारेही असतात. मी एजंटाकडे जाऊन विचारलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि 'भुंगा चालेल' असं सांगितलं. भुंगा नाही, मुकादे, असं म्हटल्यावर त्यानं घरमालकिणीला फोन लावला. त्या आजीबाई नारा प्रांतातल्या निघाल्या. आमच्या लेखी अर्धी परवानगी तिथंच मिळाली.

त्याचं कारण असं. नाराजवळच्या शिगी डोंगरावर बिशामोनतेन या देवाचं मोठं ठाणं आहे आणि घोण ही त्याची दूत मानतात. बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण. कुबेरच तो, बौद्ध धर्माबरोबर इथवर चालत आलेला. घोण मागं सरत नाही अशी समजूत असल्यामुळे योद्ध्यांनाही ती प्रिय होती. सोळाव्या शतकातल्या ताकेदा शिंगेनच्या निरोप्या स्वारांच्या पाठीवर घोणीचं चित्र काढलेली निशाणं असत. दुसरीकडे बिवा सरोवराची गोष्ट आहे. मिकामी डोंगराला सात वेढे घालणारी एक राक्षसी घोण तावारा तोदा नावाच्या वीरानं मारली. पहिले दोन बाण वाया गेले, तेव्हा तिसऱ्याच्या टोकाला थुंकी लावून. हे ऐकल्यावर आईनं कुबेराकडे दुर्लक्ष केलं आणि थुंकीवर भरवसा ठेवला.

मग निवड. इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीत सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथं घोणीही मांडलेल्या असतात. पारदर्शक डब्या, वर किंमत, जात आणि घरच्या पैदाशीची की रानातून पकडलेली याची चिठ्ठी. पोराचं लक्ष अर्थातच सगळ्यात मोठ्या डबीवर. दक्षिण अमेरिकेतली गिगांतिया जात तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. व्हिएतनाम-थायलंडकडच्या घोणी तिच्याहून लहान, पण भलत्या चपळ आणि तापट. नवख्या माणसानं यांच्या वाटेला जाऊ नये, असं तिथल्या विक्रेत्यानंच सांगितलं. पैसे मिळत असताना गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मला आवडला. एका टेबलावर नारिंगी-काळ्या पट्ट्यांची, वाघासारखी नटलेली घोण होती. ती भारत-श्रीलंकेची हार्डविकी. किंमत पाहून मी डोळे चोळले. आपल्या रानातून ती इथवर कशी आली असेल, हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला नाही, पण घ्यायची नाही हे तेवढ्यातच ठरलं. आपल्या घोणींकडे गांभीर्यानं पाहणारी माणसं वेगळी आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत जान्हवी जोशी घोणींच्या वंशावळीवर काम करतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या ग्रेगरी एजकोंब यांच्याबरोबर त्यांनी २०१८ साली सह्याद्रीतल्या एका जातीला एथमोस्टिग्मस सह्याद्रेन्सिस असं नाव दिलं. गोंडवन तुटत होतं त्या काळापर्यंत या घोणींचं मूळ मागं जातं म्हणे. आम्ही चप्पल कुणावर उगारत होतो ते तरी कळलं.

शेवटी घेतली ती इथलीच आओझु-मुकादे, निळसर हिरव्या डोक्याची. टोकियोच्या आसपासच्या डोंगरांतही ती सापडते, थंडी सोसते आणि आकारानं बेताची असते. तिची थोरली बहीण तोबिझु तांबड्या डोक्याची, अधिक मोठी आणि अधिक रागीट. पहिल्या घोणीसाठी लहान, स्थानिक आणि शक्यतो घरच्या पैदाशीची जात बरी, हे आमचं दोघांचं मत आधी वेगळ्या कारणांनी होतं आणि नंतर एकाच कारणानं झालं. पोराला ती तगायला हवी होती, मला ती आवरायला हवी होती. डबीतली घोण पारखताना दोन्ही मिशा शाबूत आहेत का, अंग भरलेलं आहे का, डबीला टिचकी मारली की झटक्यात हलते का, हे पाहायचं. एखादा पाय कमी असला तर बिघडत नाही. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही असं आपण म्हणतो ते खरंच आहे, शिवाय कात टाकताना तो पाय पुन्हा फुटतोही. आमच्या घोणीला एक पाय कमी होता म्हणून चार पैसे कमी पडले.

आता डबा. इथं आईची खरी गरज लागली.

पोराकडे काबुतोमुशीचा जुना पिंजरा होता आणि त्यातच घोण ठेवायचा त्याचा बेत होता. आईनं व्हिडिओ कॉलवर तो पिंजरा पाहिला, झाकणाच्या फटी पाहिल्या आणि म्हणाली, "डोस्कं शिरलं का अख्खी शिरते बाप्पा ते." सगळ्या मोठ्या पुस्तकांचं सार एवढंच आहे. घोणीचं अंग चपटं असतं. डोकं जाईल त्या फटीतून बाकीची वीस-एकवीस कड्यांची गाडी आपोआप जाते. भुंग्याच्या पिंजऱ्याचं झाकण हवेसाठी जाळीदार असतं आणि तेच इथं घातक. प्लास्टिकची पातळ जाळी ती कुरतडूही शकते. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात धान्य ठेवतात तसला चारी बाजूंनी कड्या लागणारा डबा आणला आणि झाकणाच्या खालच्या अंगाला अगदी बारीक भोकं पाडली. भोकं इतकी बारीक की त्यातून टाचणीचं डोकं जाईल, घोणीचं नाही.

"काचेवर चढते काय?" हा पुढचा प्रश्न. गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर ती चढत नाही. पण मागच्या पायांवर उभी राहून अंग ताणते, म्हणून मातीच्या वर तिच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट भिंत मोकळी असावी लागते. काचेची टाकी घेतली तर आणखी एक गोम आहे. कोपऱ्यांत काचा जोडायला जे सिलिकॉन लावतात, त्याचा खरबरीतपणा तिला शिडीसारखा पुरतो. हे पोरानं वाचून सांगितलं तर आई लगेच म्हणाली, "मंग भितीच्या कोपऱ्यातूनच चढते ना ते, मधून कुटं चढते?" घरातल्या भिंतींवर आयुष्यभर नजर ठेवून तिला जे माहीत झालं होतं, ते पाळणाऱ्यांनी टाक्या फुकट घालवून शोधलंय.

आत काय घालायचं, त्यावर आजी-नातवाचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती, चांगली दहा सेंटिमीटर खोल, कारण तिला खाली जायचं असतं. वर झाडाच्या सालीचा तुकडा, आडोशाला. उथळ वाटीत पाणी. अर्धी माती ओली, अर्धी कोरडी, म्हणजे तिला हवी ती बाजू ती निवडते. तिच्या कातडीला किड्यांसारखा मेणाचा पक्का लेप नसतो आणि श्वासाची छिद्रंही नीट मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत ती लवकर सुकते. काळ्या मातीच्या भेगांत ती का उतरायची, याचं उत्तर मला निशी-कासाईत मिळालं. दिवा लावायचा नाही, उन्हात ठेवायचं नाही, आणि एका डब्यात एकच. दोन ठेवल्या की काही दिवसांनी एकच उरते, तीही जाडी होऊन.

टोकियोचा स्वतःचा एक प्रश्न होता, तो आईला सुचला नाही. भूकंप. उंच फळीवर ठेवलेला डबा रात्री दोन वाजता खाली आला तर सगळ्या कड्या, सगळी बारीक भोकं व्यर्थ. म्हणून आमची घोण जमिनीलगतच्या कप्प्यात असते, डब्याखाली टीव्हीला लावतात ते भूकंपरोधक चिकट जेलचे तुकडे, आणि तो डबा आणखी एका मोठ्या झाकणाच्या डब्यात. साफसफाई रिकाम्या बाथटबमध्ये बसून होते, तीस सेंटिमीटरचा चिमटा हातात धरून. बाथटबच्या गुळगुळीत भिंती कामाला येतात. हात लावायचा नाही, कधीच नाही, हा करार पोरानं कागदावर लिहून सही केली आहे. जपान्यांत वाढल्याचा हा एक फायदा.

चावली तर? तिच्या पुढच्या पायांच्या जोडीचेच विषाचे आकडे झालेले असतात. तांबड्या डोक्याच्या घोणीच्या विषातला एक घटक २०१५ साली चिनी-अमेरिकी संशोधकांनी वेगळा काढला. तो आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या कुलपावर काम करतो. मिरचीचा तिखटपणाही तेच कुलूप उघडतो, आणि याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. भिवापुरी मिरची बोटाला चोळून डोळ्यात गेल्यावर जी आग होते, तिचा आणि घोणीच्या डंखाचा रस्ता एकच. धडधाकट माणूस सहसा दगावत नाही, पण ॲलर्जी असलेल्याचा श्वास कोंडू शकतो; तसं काही दिसलं तर थांबू नये, दवाखाना गाठावा. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मिरची तर तू डब्यात ठेवतेस, मग तीही ठेव.

नर का मादी, हे आम्हाला कळलेलं नाही. पोराला मादी असावी असं वाटतं. घोणीची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, त्यांना चाटून बुरशी लागू देत नाही, पिल्लं निघाली तरी त्यांच्यावर अंग टाकून राहते आणि त्या काळात काही खात नाही. तिला त्रास दिला, डबा सारखा उघडला, तर तीच अंडी खाऊन टाकते. हे ऐकून आईनं पहिल्यांदा तिच्याविषयी बरा शब्द काढला. "मंग नोका ना उघडू तो डबा सारखा," एवढाच.

दिवाळीला आम्ही गावी जायचं ठरवतोय. आठवड्याला एक झुरळ किंवा रातकिडा एवढा तिचा आहार, पाणी असलं की दोन-तीन आठवडे उपाशी राहिली तरी चालतं, म्हणून शेजारच्या तमिळ कुटुंबाकडे फक्त पाणी घालायचं काम देणार आहोत. त्यांनी आधी झाकण बघायला मागितलं. फोनवर आईला हे सगळं सांगताना पोरानं मध्येच विचारलं, आजी, तिला सोबत आणली तर? आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "नोको बाप्पा. इकडल्याच पुष्कळ हायत, त्याच पाह्य."