गवताआधी वाट

मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसू लागतो, आणि नेमकी तेव्हाच कडब्याची गंजी तळाला गेलेली असते. मग दावणीच्या गाई सोडण्याचा मोह आवरत नाही. दुभत्या गाईला या दिवसांत चरायला सोडावे का, या प्रश्नावर सगळे गवताची उंची बघून उत्तर देतात. मी आधी गाईच्या पायाखाली बघतो. जूनच्या चराईतून पैसा मिळणार की जाणार, हे गोठ्यापासून माळापर्यंतची वाट, तिथले फाटक आणि पाण्याची जागा ठरवतात.

गवताचे गणित सोपे आहे. 100 किलो कोवळ्या गवतात कोरडा भाग जेमतेम 15 ते 18 किलो, बाकी पाणी. 400 किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईला दिवसाला 12 किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. तो निव्वळ अशा गवतातून मिळवायचा तर तिने 65 ते 80 किलो हिरवे पोटात घालायला हवे, आणि बोटभर उंचीच्या गवतावर दिवसभर तोंड चालवूनही ते होत नाही. वर तंतू कमी पडतो, शेण पातळ होते, फॅट उतरते. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे लिटर वाढले तरी बिल वाढेलच असे नाही. गवताचीही बाजू आहे. मारवेल किंवा पवना पहिली पाने काढते ती उन्हाळाभर ठोंबात राखलेल्या शिदोरीवर. तीच पाने खुडली की दुसरी फूट दुबळी येते, आणि असे दरवर्षी झाले की चांगले गवत हटून कुसळीचे राज्य येते.

म्हणून गाय सोडायचीच नाही का? सोडावी, पण थोडा वेळ. आयर्लंडच्या ओल्या वसंतात दोन्ही वेळच्या धारेनंतर गाई तीनेक तास कुरणात सोडून परत गोठ्यात आणण्याची पद्धत रुळलेली आहे. तिच्यामागचे निरीक्षण इथेही लागू पडते: गाय मन लावून चरते ती पहिले दोन-तीन तास, त्यानंतर ती हिंडते, बसते आणि ओली जमीन तुडवते. एक फरक मात्र मोठा आहे. तिथे गाई भुकेल्या सोडतात, कारण पुढे तयार कुरण असते. आपल्याकडे आधी कडबा खाऊ घालूनच सोडावे. उपाशी गाय बांधावरच्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांवर तुटून पडते. त्यांत सायनाइड तयार होत असते आणि किरळ लागलेली गाय डॉक्टर येईपर्यंत टिकेलच असे नाही.

आता खरी अडचण. गाई थोड्या वेळासाठी दोनदा न्यायच्या-आणायच्या म्हणजे तीच वाट दिवसातून चार वेळा तुडवली जाणार. काळी माती पाण्याने फुगते आणि फाटकाशी आठवड्यात गुडघाभर रबडी होते. सतत ओले राहून खूर मऊ पडतात, बेचक्यात खडा रुततो, आणि लंगडणारी गाय गवत कितीही चांगले असले तरी उभी राहून चरत नाही. रबडी सडांपर्यंत उडते. पुढे कासदाहाला वेगळे निमंत्रण लागत नाही. उपाय जुनेच आहेत. वाट मधोमध उंच, दोन्ही बाजूंना चर, खाली दगडी सोलिंग आणि वर बारीक दाबलेला मुरूम. उघडी खडी नको, ती तळवा कापते. फाटके दोन, आत जायचे वेगळे आणि बाहेर यायचे वेगळे. पाण्याचा हौद उंचवट्यावर, फाटकापासून लांब. डबक्यावर पाणी प्यायची सवय लागली की गोगलगायींमार्फत लिव्हर फ्ल्यूक आलाच. झटका मशीनच्या दोन तारा असाव्यात. पुढची रोजचा पट्टा मोजून देते, मागची कालच्या पट्ट्यावरची कोवळी फूट वाचवते. या मागच्या तारेचा लोकांना कंटाळा येतो, पण दोन्हींत जास्त कमाई तिचीच. (घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचलेली आहे, हे इथे धरून चाललो आहे.)

गाई पिढ्यान्‌पिढ्या पावसात चरत आल्या, तेव्हा कुठे होता मुरूम, असे कोणी म्हणेल. अकोले-इगतपुरीची डांगी तशी चरते, हे खरे आहे. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो आणि खूर काळे, टणक असतात. होल्स्टीनच्या संकराला यातले काही मिळालेले नाही, मग डांगीचा दाखला तिला कसा लागू करायचा? खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण सगळी वाट एका वर्षात बांधायची गरज नाही. फाटकाजवळचा तुकडा आणि हौदाभोवतीचा चौथरा एवढे केले तरी बहुतेक चिखल आटोक्यात येतो.

सगळ्यांत अवघड आक्षेप गायरानाचा. स्वतःच्या माळावर तार ओढता येते, सामाईक जमिनीवर गवत वाढेपर्यंत एकट्याने थांबून काय उपयोग? आपण थांबलो ते गवत शेजाऱ्याची गुरे खातील. हिवरे बाजारने ग्रामसभेतून चराईबंदी करून गवत कापून नेण्याची वाट काढली, आणि तिथला दुधाचा धंदा वाढला. मात्र कापून आणायला घरात मोकळे हात लागतात. चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घराला ती बंदी पहिल्या पावसात सर्वांत जड जाते, म्हणून ठराव करण्याआधी गवत वाढेपर्यंतच्या दीड महिन्यात त्या घराच्या चाऱ्याची सोय कोण करणार, हे गावाला ठरवावे लागेल.