चकली जेवली का?

मंडळी, शीर्षक वाचून कोणी दिवाळीच्या फराळाची पाककृती शोधत आलं असेल, तर आधीच माफी मागते. ही चकली खायची नाही. ही चांगली चार फुटांची आहे, अमेरिकेत ओहायो राज्यात माझ्या लेकीच्या घरी राहते आणि उंदीर खाते. (खाते म्हणजे, तिच्या मनात आलं तर खाते. त्याबद्दल पुढे येईलच.)

गोष्ट सुरू झाली २०२३ च्या एप्रिलमध्ये. मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले होते. नातू निनाद तेव्हा बारा वर्षांचा. एक दिवस जेवताना त्याने जाहीर केलं, "मला साप पाळायचाय." जावईबापूंचा घास हातातच राहिला. लेक म्हणाली, "या घरात एकतर साप राहील नाहीतर मी." निनाद शांतपणे म्हणाला, "आई, बॉल पायथन विषारी नसतो. चावत पण नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा असतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण सापांच्या बाबतीत घरात अनुभवी माणूस कोण, तर मीच! माझं माहेर बत्तीस शिराळ्याच्या जवळचं. लहानपणी नागपंचमीला मडक्यातून आणलेले जिवंत नाग बघितलेत, आईने त्यांना ओवाळलेलं बघितलंय. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती जिवंत नागांची पूजा बंद झाली, आणि बरंच झालं. साप दूध पीत नाही, त्याला बीन ऐकून डोलता येत नाही, हे मीच नंतर वर्गात कंठरवाने शिकवलं. पण घरात साप पाळायचा? तो आपला दाराबाहेरचा देव. दिसला की हात जोडायचे आणि लांबून जायचं.

मला मात्र "सोपा" हा शब्द खटकला. चौतीस वर्षं मास्तरकी केल्यावर एवढं कळतं, की जो धडा सोपा म्हणून आपण सोडून देतो, त्याच्यावरच मुलं नापास होतात. मी म्हटलं, "निनाद, आधी मला शिकव. मला पटलं तर मी आईशी बोलते."

मग पुढचे काही दिवस आमची उलटी शाळा भरली. तो गुरुजी आणि मी विद्यार्थिनी. तर हा बॉल पायथन म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या गवताळ रानात राहतो. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहायचं आणि रात्री बाहेर निघायचं. मादी चार-पाच फुटांपर्यंत, नर त्याहून लहान. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये याला राजेशाही अजगर म्हणतात.

बेनिनमध्ये विदा नावाचं गाव आहे, तिथे या अजगरांचं देऊळ आहे, अगदी चर्चच्या समोर. एखादा अजगर कुणाच्या घरात शिरला तर त्याला मारत नाहीत, उचलून देवळात परत नेऊन सोडतात. हे ऐकून मला एकदम माहेरी गेल्यासारखं वाटलं. आणि त्याच देशांतून हे अजगर हजारोंच्या संख्येने परदेशी बाजारात पाठवले गेले, हेही निनादनेच सांगितलं. रानातून पकडलेल्यांच्या अंगावर गोचिडी असतात, ते घाबरलेले असतात, कित्येकदा खात नाहीत. म्हणून घ्यायचा तर बंदिवासात जन्मलेलाच घ्यावा. त्यातही रंगीबेरंगी नक्षीचे तयार केलेले प्रकार असतात. 'स्पायडर' नावाच्या एका प्रकारात नक्षीबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो, डोकं डुगडुगतं, तोल जातो. दिसायला सुंदर म्हणून असला जीव विकत घ्यायचा का? निनाद म्हणाला, "नाही." मी मनातल्या मनात त्याला पाच गुण दिले.

आता यात सोपं काय? तर तो चपळ नाही. हातात घेतला की पळत नाही, क्वचितच चावतो. त्याला फिरायला न्यावं लागत नाही, भुंकत नाही. मोठा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण, तेही बर्फात ठेवलेला मेलेला उंदीर कोमट करून.

आणि अवघड काय? पेटीची एक बाजू साधारण ३२ अंशांवर हवी आणि दुसरी २५-२६ वर, म्हणजे त्याला हवं तसं सरकता येतं. हीटरला थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजतो. ओहायोच्या हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडते, पण याला ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, नाहीतर कात अख्खी निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. लपायला दोन जागा हव्यात, एक उबेकडे आणि एक गारव्याकडे. हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. सापांवर उपचार करणारा डॉक्टर गल्लोगल्ली मिळत नाही. सापापेक्षा त्याच्या संसाराचाच खर्च जास्त.

आणि आयुष्य? वीस ते तीस वर्षं! सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर २०२० साली एका मादीने अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. मी हिशेब केला. निनाद चाळिशीला येईल तेव्हाही हा अजगर असेल. मी तर नसेनच.

एका शनिवारी आम्ही दुकानात गेलो. काचेच्या पेटीत, झगझगीत दिव्याखाली एक पिल्लू चेंडू करून बसलं होतं. लपायला काहीही नाही. विकणारा मुलगा कौतुकाने म्हणाला, "बघा किती शांत आहे!"

ते वाक्य ऐकलं आणि मला माझा एक विद्यार्थी आठवला. नाव सांगत नाही. १९८० च्या सुमारची गोष्ट. सातवीचा वर्ग, साठ मुलं. हा मागच्या बाकावर. कधी दंगा नाही, कधी तक्रार नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शांत व शिस्तप्रिय'. वर्ष संपत आलं तेव्हा शाळेत डोळे तपासणी झाली, आणि कळलं की त्याला फळ्यावरचं काहीच दिसत नव्हतं. वर्षभर तो शेजारच्याच्या वहीत बघून उतरवत होता. मला पुढे बसवा, असं बाईंना सांगायची त्याला भीती वाटायची. आणि बाई खूश होत्या, की या मुलाचा काही त्रास नाही! अजूनही रात्री कधी झोप आली नाही की ते प्रगतिपुस्तक डोळ्यांसमोर येतं.

असो. सांगायचा मुद्दा असा, की चेंडू करून बसलेला साप शांत नसतो, घाबरलेला असतो. कुत्रा आजारी पडला तर कण्हतो, मांजर अंग घासून भूक सांगतं. हा काहीच सांगत नाही. गारठला तरी गप्प, तहानला तरी गप्प. त्याचा त्रास आपल्याला होत नाही म्हणून आपण त्याला सोपा म्हणतो. आणि पहिल्यांदा पाळणाऱ्यालाच या गप्प राहण्याचा अर्थ कळत नसतो.

मी निनादला गृहपाठ दिला. साप न आणता नुसती पेटी मांडायची, आणि दोन महिने रोज दोनदा तापमान आणि दमटपणा वहीत लिहायचा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. लेक म्हणाली, "आई, आठ दिवसांत सोडेल बघ." अकराव्या दिवशी चुकला. रडला. पुन्हा पहिल्या पानावर तारीख घातली. मी भारतात परतायच्या आधी साठ दिवस पूर्ण झाले. लेकीने वही उलटून बघितली आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली. ते तिचं 'हो' होतं.

पिल्लू मात्र विकत आणलं नाही. सोडून दिलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांना सांभाळणारी एक संस्था जवळपास होती. तिथे आठ वर्षांची एक मादी होती. आधीचा मालक कॉलेजला गेला, होस्टेलवर साप चालत नाही, म्हणून आईवडिलांनी आणून सोडलेली. ही गोष्ट निनादनेही ऐकली आणि लेक-जावयांनीही. मुलगा अठराचा झाला की साप आपल्याच गळ्यात पडणार, हे दोघांनी समजून-उमजून मान्य केलं. घरी आल्यावर वेटोळं घालून बसली, ते बघून मीच म्हटलं, "चकली!"

आणि चकलीने उपास धरला. एक आठवडा, दोन, चार. मी इकडे परत आले होते. व्हिडिओ कॉलवर मीच घायकुतीला यायचे, "अरे, दुसरं काहीतरी देऊन बघ. हातात घे, गोंजार." निनाद मला समजवायचा, "आजी, तिला गोंजारलेलं आवडत नाही, ती फक्त सहन करते. नवीन जागा आहे. आपण थांबायचं." तो दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर (वेगळ्या भांड्यात हं!) ठेवून वजन लिहायचा. १४२०. १४१५. १४१०. वजन उतरत नाही म्हणजे घाबरायचं कारण नाही, असं संस्थेतल्या बाईंनी सांगितलं होतं. सत्तेचाळिसाव्या दिवशी, भारतात सकाळी साडेसातला फोन आला, "आजी, जेवली!" मी देवापुढे साखर ठेवली. सापासाठी साखर! आई असती तर तिला गंमत वाटली नसती, तिला ते बरोबरच वाटलं असतं.

तर नवख्याने बॉल पायथन पाळावा का? माझं उत्तर असं. ज्याला हातात घेऊन मित्रांना दाखवायचाय, ज्याला पाळलेल्या जीवाने आपल्यावर माया करावी असं वाटतं, त्याने पाळू नये. दोन महिने जेवला नाही तर ज्याचा धीर सुटेल, त्याने निदान मक्याचा साप, म्हणजे कॉर्न स्नेक, बघावा. तो सहसा नेमाने खातो, मात्र हातात जास्त वळवळतो आणि तोही पंधरा-वीस वर्षं जगतो. पण जो रोज वही लिहू शकतो आणि काही न मागता नुसतं लक्ष ठेवू शकतो, त्याने जरूर पाळावा, नवखा असला तरी. आपल्या इकडच्या वाचकांसाठी मात्र एक सांगते. भारतातले साप घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि असे परदेशी प्राणी ठेवायचे तर सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. तेव्हा माझं वाचून कोणी उत्साहात काही करू नका.

निनादच्या वहीचा आता चौथा भाग चालू आहे. परवा त्याने मला एक पान दाखवलं. तारीख, तापमान, दमटपणा, आणि शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द, 'बघितलं'. मी विचारलं, "हे काय?" म्हणाला, "काही झालं नाही तरी मी तिला बघितलं, म्हणून लिहितो."

माझ्या त्या प्रगतिपुस्तकात हा रकाना असायला हवा होता.

आज रविवार. थोड्या वेळाने फोन येईल. मी पहिला प्रश्न काय विचारणार, ते तुम्हाला ठाऊकच आहे.